अक्का, ती मैना नव्हतीच

रेवदंडा,
रविवार, दुपार

प्रिय अक्का,

बुरुडाने करून दिलेला नवा पिंजरा सकाळपासून ओटीवर पडून आहे. तीन वेळा तो ओलांडून मी आत-बाहेर केलं, पण हात लावला नाही. लावायच्या आधी तुला विचारायला हवं, म्हणून हे पत्र. तू वाचायला कधी शिकली नाहीस. शिकवते म्हटलं की म्हणायचीस, "माझं काय अडलंय गं?" आज अडलंय, अक्का. माझं.

तुझी मैना स्वयंपाकघरात टोपलीखाली आहे. तिच्या डाव्या पायाचं एक बोट गेलं. राघूने तोडलं. ऐकतेस ना? ज्याला तू आंब्याच्या ढोलीतून पडलेला उचललास, भिजवलेली डाळ स्वतः चावून भरवलीस, त्याच राघूने.

गुरुवारी शाळेतून आले तर पिंजऱ्याच्या तळाशी रक्त, आणि मैना कोपऱ्यात एका पायावर उभी. राघू वरच्या दांडीवर पिसं फुलवून बसलेला, जसा काही घरचा कर्ता पुरुष! मी तिला काढलं, पायाला हळद दाबली आणि टोपलीखाली ठेवलं. तेव्हापासून ती तिथेच आहे. टोपली म्हणजे काही पिंजरा नव्हे, तेव्हा आपण अक्काला दिलेला शब्द मोडलेला नाही, असं मी रोज स्वतःला समजावते. बी.ए. झालेल्या बाईची ही अक्कल! टोपलीखाली अंधार आहे, बसायला फांदी नाही. कालपासून तिने पेरूच्या फोडीला चोच लावलेली नाही. मी शब्द सांभाळतेय आणि ती मरतेय.

तू असा शब्द का मागितलास, तेही मला ठाऊक आहे. दादा आणि भाऊ वेगळे झाले, माजघरात भिंत आली, आणि भाच्यांच्या वाटणीत तू सहा महिने या चुलीवर, सहा महिने त्या चुलीवर. भिंतीला दारसुद्धा ठेवलं नव्हतं. वळकटी काखेत मारून तू अंगणातून वळसा घालून जायचीस. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मला इथल्या शाळेत नोकरी लागली आणि मी तुला घेऊन आले. पण ती भिंत तुझ्या मनातून गेली नाही. शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणालीस, "एका घरात दोन चुली झाल्या तेव्हा माझं काय झालं ते तू पाहिलंस. आता एका घरात दोन पिंजरे नकोत गं, बने."

मी तेव्हा नुसती मान हलवली होती. शब्द दिला तो दहाव्याला, खाडीकाठी.

कावळा शिवेना, अक्का! ऊन चढलं, भटजी घाम पुसायला लागले. दादा म्हणाला, "अक्का, तुझं वृंदावन बांधून घेतो." नाही. भाऊ म्हणाला, "अक्का, आम्ही दोघं पुन्हा भांडणार नाही." कावळा माडावरून हललासुद्धा नाही. त्याचाही विश्वास बसला नसावा. मग दादा माझ्याकडे वळला. "बने, तिचा जीव कशात अडकलाय ते तुला ठाऊक असणार. बोल की!" कावळा भुकेने येतो, असं वर्गात मुलींना सांगणारी मी. मी हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "अक्का, मी दोघांना एकत्रच ठेवीन." आणि कावळा आला.

आता यातून कशी सुटू?

काल डायरी काढून पाहिली. त्या दिवशीच्या पानावर शब्द 'एकत्र' असाच आहे. 'एका पिंजऱ्यात' असं लिहिलेलं नाही. एकत्र म्हणजे एका छपराखाली, असंही होतं की! क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, मग लाज वाटली. मला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे. कावळ्यालाही असेल.

पण डायरीत शोधताना दुसरंच सापडलं. तेही आज सांगून टाकते.

तुला ते लग्न आठवतं? "राघू एकटा आहे गं, त्याला मैना हवी," असं तू वर्षभर म्हणत होतीस. मला अलिबागच्या बाजारात पोपटासारखाच हा छोटा पक्षी दिसला. कुंकवात बुडवून काढल्यासारखं डोकं! मी घेऊन आले तर तू टाळी वाजवलीस. "मळवट भरलेली नवरीच आहे ही!" माझ्या जुन्या पातळाचा तुकडा फाडून तू अंतरपाट केलास, राघूच्या आणि तिच्या मधे धरलास, आणि मला मंगलाष्टकं म्हणायला लावलीस. जन्मभर प्रत्येक लग्नघरात मागच्या पडवीत नारळ खवत बसलेली तू त्या दिवशी सगळ्यांत पुढे उभी होतीस. सगळ्यांत म्हणजे आपण दोघीच, पण तू पुढे होतीस. अक्षता टाकल्या, अंतरपाट काढला, आणि नवरी नवऱ्याच्या पिंजऱ्यात गेली.

आठवड्यात राघू तिच्या मानेवरची पिसं उपटायला लागला. मोतीबिंदूमुळे तुला एवढंच दिसायचं की मोठी चोच छोट्या डोक्यावरून फिरतेय. "बने, बघ तरी! केस विंचरतोय तिचे!" असं म्हणून तू डोक्यावरचा पदर सावरलास. बाराव्या वर्षी ज्या डोक्यावरून वस्तरा फिरला, त्याच्यावरचा पदर. त्या वेळी तुझा चेहरा असा काही झाला होता की मी तोंडावर आलेलं वाक्य गिळलं.

आणि मग रोजच गिळत राहिले. तू उठायच्या आधी पिसं झाडून टाकायचे. डायरीत पानोपानी एकच ओळ आहे: 'आज पुन्हा पिसं. अक्काला बोलले नाही.' माझं अक्षर किती नीटनेटकं आहे! खोटं बोलले नाही, फक्त बोलले नाही, याचं समाधानसुद्धा एका पानावर नोंदवलेलं आहे. तुझा आनंद मी तिच्या मानेवरून उपटून आणत होते, अक्का.

पण तुलाही एक विचारू? रागावू नको. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण हाताला? रोज तिला पेरू भरवायचीस. तिची उघडी पडलेली मान एकदाही बोटाला लागली नाही?

तू गेल्यावर तर राघू पिसाळलाच. तुला शोधत होता का? तू सापडत नाहीस म्हणून तिच्यावर राग? मी काय काय केलं! दोन टोकांना दोन वाट्या ठेवल्या, तर तो स्वतःची सोडून तिच्या वाटीवर जायचा. दोन दांड्या बांधल्या, तर दोन्ही त्याच्याच. तो चोच मारायला लागला की पाण्याचे शिंतोडे उडवले. त्याला खोलीत मोकळा सोडला, तर पिंजऱ्याला बाहेरून लटकून आतल्या तिच्या पायाशी चोच! शेवटी स्टूल घेऊन मी पिंजऱ्यासमोर वह्या तपासत बसायला लागले. पण शाळेला तर जावंच लागतं ना?

शुक्रवारी टोपली मांडीवर घेऊन एस.टी.ने अलिबागला गेले, ढोरांच्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, "बाई, मी बैलाचे खूर बघणारा माणूस. हा पाय माझ्या चिमटीतसुद्धा येत नाही. पण दोघांना वेगळं करा, एवढं कळायला डॉक्टर कशाला हवा?" मी "हो" म्हणाले. परत येताना बुरुडाला पिंजरा सांगितला, आणि घरी आल्यावर तुझ्या फोटोकडे पाहिलं नाही.

आणि आज सकाळी बुधी आली. आपल्याला मोळी आणून देणारी कातकरीण.

"काय गो बाय, टोपलीखाली काय? कोंबडी बसवली?"

"मैना आहे. राघूने चावलंय तिला."

तिने टोपली उचलली आणि हसायलाच लागली. "ही मैना? बाय, यो नर हाय! मादीचं डोकं राखट असतं, असं लाल न्हाय. आन् यो डोंगरातला तोता, त्याची जातच येगळी. दोन जातींचं दोन नर येका पिंजऱ्यात घातलं तुमी?"

"लग्न लावलं होतं," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

"कुनी? अक्कानं?" ती आणखी हसली, डोळे पुसले. "शिकलेली मान्सं गो तुमी!" मग टोपलीत बोट घालून तिने त्याची छाती चाचपली. "हाडं लागतात. याला उजेड दे, बसाय फांदी दे. न्हायतर सांजंपावेतो ऱ्हात न्हाय."

ती नवरी नव्हतीच, अक्का. आपण लाल रंग पाहिला आणि मळवट म्हटलं. (वर सगळीकडे 'ती' लिहिलंय. खोडत नाही.) त्याला कोणी विचारलं होतं का, की तू मैना होशील? तुला तरी कोणी काय विचारलं होतं?

थांब. उठते.

ठेवलं. नव्या पिंजऱ्यात पेरूची डहाळी आडवी बांधली, साल तशीच ठेवून, म्हणजे पायाला धरेल. दोन्ही पिंजरे ओटीवर एकाच वाशाला टांगलेत. मधे तुझा अंतरपाट लावला. पेटीत होता, घडीत दोन अक्षता अजून तशाच. राघू ओरडून ओरडून घसा बसवून घेतोय. हा मात्र दुखरा पाय पोटाशी घेऊन डहाळीवर बसलाय. पेरूकडे पाहिलं त्याने. खाल्ला नाही, पण पाहिलं. मी इथून मान वळवून बघते आणि परत लिहिते. जगेल का? मला काही कळत नाही.

मी शब्द मोडला, अक्का. 'एकत्र'चा दुसरा अर्थ काढून नाही, सरळ मोडला. त्याच्या बदल्यात हा घे: दोघांचा भात एकाच चुलीवर शिजेल, आणि मधे भिंत येणार नाही, कापडच राहील. वर्षश्राद्धाला त्याच खाडीकाठी तुझं पान ठेवलं जाईल. कावळा शिवला नाही, तर ऊन उतरेपर्यंत मी तिथे बसून राहीन. दादा "बोल की" म्हणेल. दुसरं काहीही माग, मी देईन. पण ते जुनं वाक्य मी पुन्हा बोलणार नाही.

तुझी,
बनी