वाऱ्याचं मागणं

लाफ्त, केश्म बेट
३ मेहर

चि. साबूर यास,
मोलूकताईचे सलाम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

नाखवा जुम्माच्या गलबतातून पाठवलेला तांदूळ आणि चहा पोचला. तांदूळ चांगला निघाला. चहात मात्र अर्धा भुसा होता. दोह्याच्या दुकानदारांनी तुला बरोबर ओळखलेलं दिसतं. चाळिशी उलटली तरी कुणीही तुझ्या हातात काहीही कोंबतं. घरात बायको असती तर तिने पुडी परत नेऊन दिली असती. असो. हा विषय काढला की तू दोन महिने पत्र पाठवत नाहीस, म्हणून इथेच थांबते.

अक्षर नूरचंच आहे, हे तू ओळखलं असशील. सुनेने बोलायचं सोडलंय, लिहायचं नाही. मी सांगते आणि ती मान खाली घालून लिहिते. स्वतःबद्दलचं वाक्य आलं तरी तिचा हात थांबत नाही. मात्र वाचून दाखवत नाही, म्हणून तुझी पत्रं हल्ली शाळामास्तर येऊन वाचतात. नवरोज होऊन गेल्यावर तिचं बोलणं बंद झालं, त्याला आता सहा महिने झाले. जेवण म्हणजे दोन घास. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. हकीम झाला, पिराचं पाणी झालं, कोंगहून तिची आई येऊन आठ दिवस राहून गेली. उपयोग शून्य.

माझी आता खात्री झाली आहे की हे वारं आहे. समुद्रावरून आलेलं एखादं हट्टी वारं पोरीच्या अंगात शिरून बसलंय. तीस वर्षं मी या गावात वाऱ्यांसाठी ढोल वाजवते आहे. खाटेवर घालून आणलेल्या बायका माझ्या अंगणातून आपल्या पायांनी घरी गेल्या. आणि माझ्याच सुनेचं वारं मला ओळखता येत नाही! पाणवठ्यावर बायका माझ्याकडे बघून गप्प होतात, ते मला दिसत नाही असं त्यांना वाटतं.

माझा रहमत घरी असता तर त्याने आपल्या बायकोला एव्हाना हसवलं असतं. येईलच तो. थंडीत निघालेली गलबतं कुठे कुठे जाऊन लागतात. आपल्या आजोबांच्या वेळी माणसं दोन वर्षांनी परत आली होती, हे तू स्वतः ऐकलं आहेस. शेजारची गमर मध्यंतरी मला सांगायला आली होती की आता तीन दिवसांचं रडणं बसवून टाक. तिला मी उंबऱ्याबाहेर काढलं. माझ्या घरात रहमतसाठी कुणी टिपूस गाळायचं नाही. जिवंत माणसासाठी रडणं म्हणजे आपल्या हाताने त्याला बुडवणं.

तब्येतीला जप. इस्पितळातल्या ओल्या चादरी उचलून पाठ धरते म्हणतोस, तर रात्री तेल लाव. माया अशीच राहू दे.

तुझी ताई,
मोलूक


दोहा
१४ मेहर

ती. मोलूकताईस,
साबूरचा सलाम. मास्तर वाचत असतील, त्यांनाही सलाम. वि. वि.

चहाबद्दल बोलणी खाल्ली आणि गप्प बसलो. बायकोच्या विषयावर यावेळी दोन महिने रुसत नाही, कारण नूरबद्दल वाचून जीव थाऱ्यावर नाही.

ताई, मी इस्पितळात नुसत्या चादरी उचलतो हे खरं, पण वीस वर्षं माणसं बघतो आहे. जी माणसं जेवत नाहीत, ती एक दिवस अचानक आडवी होतात. तिला बंदर अब्बासच्या मोठ्या डॉक्टरकडे ने. खर्चाचं मी बघतो. ढोल नंतर वाजव, तुला अडवणारा मी कोण? पण आधी तिला खायला घाल.

आणखी एक विचारायचं आहे. नवरोजनंतर मी एक पत्र धाडलं होतं, जुम्माच्याच हातून. तीन पानांचं होतं. त्यानंतर तुझी चार पत्रं आली, पण त्याबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. ते पोचलं का? कुणी वाचलं? मी रोज वाट बघत राहिलो की ताई आज काही लिहील, उद्या लिहील. तुला लिहायचं नसेल तर तसं कळव. पण पोचलंच नसेल तर मात्र मला लगेच कळलं पाहिजे.

बाकी इथे सगळं ठीक. ऊन अजून उतरलेलं नाही. लहान भावाकडे तुझं लक्ष राहो.

तुझा,
साबूर


लाफ्त
२४ मेहर

चि. साबूर यास,
सलाम आणि आशीर्वाद. वि. वि.

तुझं नवरोजचं पत्र पोचलं होतं. नूरनेच उघडलं आणि वाचलं. तुला ताप आला होता आणि सगळ्यांना सलाम सांगितला होता, एवढंच त्यात आहे म्हणाली. तापाला तीन पानं लागतात, असा माझा भाऊ! तेच तिचं शेवटचं बोलणं. त्या संध्याकाळपासून तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. तेव्हा विचारायचंच असेल तर मी तुला विचारते, त्या कागदाबरोबर तिकडून काय आलं? वारं कागदावर, कापडावर बसून येतं. जुम्माच्या गलबतातूनच आलं असणार.

बंदर अब्बासला न्यायचं नाही. वारं अंगात असताना सुई टोचली तर माणूस हातचं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. येत्या गुरुवारपासून नूर खोलीत बसेल. सात दिवस पुरुषाची सावली नाही, अंगाला उटणं, खायला तव्यावरची पातळ तोमशी भाकर आणि खजूर. आठव्या दिवशी, पुढच्या गुरुवारी दुपारी, अंगणात चटई टाकून ढोल सुरू करीन. मला येतात ते सगळे सूर वाजवीन. एकेका वाऱ्याचा एकेक सूर, त्यातल्या एकाला तरी ते उठेलच.

सुरांनी नाही उठलं तर वेताची छडी आहे. हे लिहिताना नूरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला काय आनंद आहे का त्यात? पण हट्टी वाऱ्याला माराशिवाय तोंड फुटत नाही. गेल्या वर्षी सूझा गावची ती कोळीण अकराव्या फटक्याला बोलली आणि आज पाच सेर मासे डोक्यावर घेऊन विकते. माझ्या घरचं माणूस म्हणून मी हात आखडता घेतला, असं उद्या गावाने म्हणायला नको.

रहमत परत येईल तेव्हा त्याची बायको त्याला धडधाकट दिसली पाहिजे. मी त्याला काय तोंड दाखवू?

दुवा कर. तुझ्या मायेवर भरोसा ठेवून आहे.

मोलूक

साबूरमामा, हे खालचं मी माझं लिहिते आहे. आईंना वाचता येत नाही, आणि हा कागद आता इथून थेट जुम्माकडे जाईल.

तुमची तीन पानं माझ्या पेटीत तळाशी आहेत. तुम्ही रहमतला ओळखलंत, तुम्हीच आंघोळ घातलीत, तुम्हीच माती दिलीत, हे मी एकदाच वाचलं. आई समोर बसून विचारत होत्या, काय लिहिलंय, काय लिहिलंय. मी ताप म्हणाले. तेवढं एक खोटं कसंबसं बाहेर पडलं. आता तोंड उघडलं तर दुसरं काही यायचं नाही, खरं तेच येईल.

गमरला हाकललं त्या दिवसापासून आई अकरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पाणीसुद्धा मी चमच्याने घालत होते. नुसत्या रडण्याच्या नावाने ही गत झाली. मी सांगितलं तर त्या उठायच्या नाहीत. त्या अजून रोज दुपारी धक्क्यावर जाऊन उभ्या राहतात, मामा. तुम्ही पत्रातून काही कळवू नका, मास्तर मोठ्याने वाचतात. छडीचं मला काही वाटत नाही. जमेल तेवढं सोसेन.

नूर


दोहा
१ आबान

चि. नूर हिस,
साबूरमामाचे आशीर्वाद. हे जुम्मा तिकडे पोचला की त्याची बायको शिदोरीच्या फडक्यात बांधून तुझ्याकडे आणेल. खोलीत बायकांना येऊ देतात म्हणून जुम्माला सांगून हे काम तिच्यावर सोपवलं. वाचून झालं की चुलीत घाल.

पोरी, मी काय करून बसलो! ताईला लिहिलं असं समजून मी निवांत राहिलो. आपल्या घरात वाचणारी एकटी तूच आहेस, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सांगायची हिंमत नव्हती म्हणून मी कागदाआड लपलो आणि ते ओझं एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर टाकलं. वर सहा महिने ताईच्या पत्रांतून रहमत येईल, रहमत येईल असं वाचत होतो, आणि मला वाटत होतं की दुःखाने ती भ्रमिष्ट झाली आहे. तिला कळलेलंच नाही, हे मनातसुद्धा आलं नाही.

मी स्वतः येऊन सांगणार होतो. मुकादमाकडे चार दिवस हेलपाटे घातले. पासपोर्ट त्याच्या कपाटात आहे आणि तो म्हणतो, महिनाअखेरीच्या आधी नाही. गुरुवार तोवर निघून जाईल.

तू मार खाऊ नकोस. एवढंच सांगतो. ताईचा हात जड आहे, आणि ढोलाच्या भरात ती कुणाचं ऐकत नाही. तुझ्या अंगात आता काय राहिलंय? सांगून टाक. ताई माझी बहीण आहे, तिचं मी बघून घेईन. पण तीही त्यात गेली तर मी काय करू, हे मला माहीत नाही. म्हणून सांग असं लिहितो आणि लिहिताना माझाच हात अडतो. तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस.

या मामाला जमलं तर माफ कर.

साबूर


लाफ्त
९ आबान

साबूर यास,
मोलूककडून. वि. वि.

आशीर्वाद लिहू का, असं नूरने विचारलं. मी नको म्हणाले. खाली जागा उरली तर बघू.

गुरुवारी दुपारी अंगणात तीसेक बायका होत्या. चटईवर नूर, डोक्यावर पांढरी ओढणी. गुग्गुळ जाळला आणि मी मोठा ढोल मांडीवर घेतला. मऊ वाऱ्यांचे सूर आधी वाजवले, मग समुद्रापलीकडच्या काळ्या माणसांच्या किनाऱ्यावरून आलेल्यांचे, मग ज्यांचे शब्द आम्हालाच कळत नाहीत त्यांचेही. अकरा सूर झाले. तीन बायका भलत्याच उठल्या आणि घुमून बसल्या. नूरची ओढणी हलली नाही. मला याआधी कुणाच्याही वेळी असं झालेलं आठवत नाही. सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या छडीकडे जात होत्या.

चटईवर माणूस असताना ढोल थांबता कामा नये. मी ठेका न मोडता तो गमरच्या मांडीवर सरकवला. होय, गमरला बोलावलं होतं, तिच्याइतका पक्का हात गावात दुसरा नाही. छडी घेतली, रीतीप्रमाणे तीनदा जमिनीवर मारली आणि वाऱ्याला विचारतात ते विचारलं. कोण आहेस तू? कुठून आलास? काय हवंय तुला? उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारलं, उत्तर नाही. तिसऱ्यांदा विचारून मी हात वर उचलला. साबूर, माझा हात वर होता.

तेव्हा तिने ओढणी मागे केली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. सहा महिन्यांत आवाज गंजून गेलाय तिचा. म्हणाली, मी रहमत. दोह्याच्या किनाऱ्यावरून आलोय. मामाने मला माती दिली. आई, मला दुसरं काही नको. माझ्यासाठी रडा.

ढोल चालू होता. गमर रडत होती, पण तिने ठेका सोडला नाही.

तीस वर्षं मी हा प्रश्न विचारते आहे. उत्तर वाऱ्याचं कुठलं आणि माणसाचं कुठलं, हे मला दाराआडूनही कळतं. घुमणाऱ्याचे डोळे असे नसतात. हे वारंबिरं काही नव्हतं. माझी सून पूर्ण शुद्धीत बसून माझ्याशी बोलत होती, आणि चटईवर बोललेल्या शब्दासाठी कुणावर हात उचलायचा नसतो, हे तिला ठाऊक होतं. वाऱ्याने मागितलेलं द्यायचंच असतं, हेही ठाऊक होतं. कुणाला चांदीची अंगठी दिली, कुणाला बोकड दिला, आजवर मी कुणाचं मागणं परत फिरवलेलं नाही. तीस बायकांसमोर आता कशी फिरवणार होते?

मी छडी खाली ठेवली. मग चटईवर मी बसले. केव्हा बसले ते आठवत नाही. नूरने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं, एवढं आठवतं. गमर म्हणते, मी दिवे लागेपर्यंत ओरडत होते आणि त्यांनी ढोल पाळीपाळीने वाजवला. तीन दिवसांचं रडणं काल पुरं झालं. गावाने डाळभात आणला. नूर वाटीभर जेवली. मीही जेवले.

तुझ्यावर मी अजून रागावलेली आहे. इतकी वर्षं लहान होतास म्हणून सोडून दिलं, आता सोडणार नाही. पण राग पुरता तुझ्यावर काढता येत नाही, कारण खरं सांगायचं तर तीन पानं तापाची नसतात हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पोरीचा चेहरा माझ्यासमोर होता. मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मी विचारलं नाही. तिला वारं लागलंय म्हणाले आणि तिच्यावर छडी उगारली. हे वाक्य नूर लिहायला तयार नव्हती. मी दोनदा सांगून लिहून घेतलं.

तुला सुटी मिळेल तेव्हा ये. पण तोवर माझ्याने थांबवत नाही, म्हणून आधी पत्र लिही. ती पेटीतली तीन पानं तू घाबरत घाबरत लिहिली आहेस, त्यांनी माझं भागत नाही. तो कसा सापडला, अंगावर काय होतं, तू कुठलं पाणी वापरलंस, माती कशी आहे तिथली, जवळ समुद्र ऐकू येतो की नाही, सगळं लिही. माझी दया येऊन एकही ओळ गाळू नकोस. मास्तरांना बोलावणार नाही. नूर वाचेल आणि मी ऐकेन. मध्ये कुणाला रडू आलं तर थांबू, आणि मग पुढचं वाचू.

जागा उरली आहे. आशीर्वाद.

रहमतची आई,
मोलूक