यंत्राचा खून आणि डाव्या पायाचा अंगठा

३ मार्च
परळच्या आमच्या ट्रस्ट हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये कम्प्युटर बसला. डॉक्टर वर ओपीडीत टाइप करणार, औषधं खाली आमच्या स्क्रीनवर. चिठ्ठी बंद. म्हणजे डॉक्टरांचं कसलंही गिचमिड अक्षर वाचणारा अख्ख्या परळातला एकमेव माणूस, म्हणजे मी, बेकार. महिनाअखेरीस स्टाफचा सर्व्हे आहे. लोक समाधानी निघाले तर मशीन राहणार आणि मी काउंटरवरून तळघरातल्या स्टोअरमध्ये जाणार.
संकल्प: त्याआधी मशीन ठार.

६ मार्च
पहिली लाथ घातली. मशीनला काही नाही. टेबलाचा पाय मोडला. टेबल कुचकामीच होतं.

१० मार्च, दुपारी
स्क्रीनवर लाल पट्टी: या बाईंना ही गोळी चालत नाही, अ‍ॅलर्जी आहे. मला विचारलं? स्क्रीनच्या थोबाडीत दिली. कम्प्युटरवाला रघुवीर धावत आला. मी त्याची कॉलर धरली, त्याने माझी. पोरगा भोईवाड्याच्या तालमीतला निघाला. माझा शर्ट फाटला, चष्मा फुटला. पण त्याच्या डोळ्यांत भीती होती. चष्मा नसल्यामुळे नीट दिसली नाही.

१७ मार्च
सर्व्हेत सगळ्यांनी शून्य द्यायचं, असा दम भरला. काउंटरवरची अपेक्षा म्हणते, काका, हल्ली औषधं चुकत नाहीत. माझ्याकडून एवढ्या वर्षांत एकदाच चुकलं. डोळ्यांऐवजी कानाचे थेंब गेले. आजोबांची तक्रार नव्हती. ऐकू बरं येतं म्हणाले.

२४ मार्च
पिशवीत मसाला कुटायचा लोखंडी बत्ता भरला. बायकोने, मायाने विचारलं, कशाला? म्हटलं, खून करायचाय. बरं म्हणाली, उद्या येताना कांदे आण.

२५ मार्च
कुणी नाही बघून टेबलाखालच्या कम्प्युटरच्या डब्यावर बत्ता हाणला. सगळा जोर लावून. डब्याला लागून बत्ता निसटला आणि माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर बसला. रक्तच रक्त. रघुवीरनेच खांद्यावर टाकून वर नेलं.
टाके घालून डॉ. मेघना टाइप करायला लागल्या. म्हटलं, मेलो तरी बेहत्तर, कागदावर लिहा. लिहून घेतलंच.
लंगडत खाली आलो. चिठ्ठी वाचली. उलटी धरून वाचली. पहिलं अक्षर पी असावं, किंवा डब्ल्यू. अंगठा ठणकत होता.
अपेक्षाने हळूच विचारलं, "काका, नेहमीसारखा डॉक्टरांना फोन लावू?"
नेहमीसारखा म्हणजे? तर म्हणे, मी चिठ्ठी वाचून दाखवली की ती आत जाऊन फोनवर खात्री करायची. प्रत्येक चिठ्ठीची. मला वाईट वाटू नये म्हणून बोलली नाही.
अंगठ्यापेक्षा हे जास्त लागलं. कांदे विसरलो.

२८ मार्च
सर्व्हे झाला. मशीन पास. कुणीच शून्य दिलं नाही. मीही नाही.
आज लंगडत स्टोअर बघून आलो. तिथे खोक्यांवर नावं छापील असतात. सगळी वाचता आली.