धर्मपित्याचं बोलावणं

प्रिय ओतिया,

तू आणि राजेसाहेब सध्या तुर्की सुलतानाच्या कुठल्या गावात दिवस काढताय, देव जाणे. जिथे असाल तिथे मक्याची कोरडी भाकर खात असलात तरी ती इमानाची असेल. इथे मेज भरलेलं असतं आणि मला घास गिळवत नाही. रशियनांच्या तावडीतून राजाला डोंगरापलीकडे नेणारा माझाच भाऊ, हे इथल्या रशियन अधिकाऱ्याला कळलं आहे. राजेसाहेबांना परत आणायला कोण कोण तयार आहे, हे तुझ्या तोंडून वदवून घ्यायचं म्हणून त्याला तू जिवंत हवा आहेस. नंतरचं सांगायला नको.

गेल्या रविवारी तो आमच्याकडे जेवायला होता. प्याले कोणाच्या नावाने उचलायचे हे ठरवणारा मेजाचा प्रमुख अर्थातच माझा नवरा. तुला आठवत असेल, राजाच्या नावाचा प्याला उचलताना बेझान नेहमी उभा राहायचा आणि त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. आमच्या लग्नात तर तुलाच त्याला सावरावं लागलं होतं. त्या रविवारीही तो तसाच उभा राहिला, तसंच डोळ्यांत पाणी आणलं, पण प्याला रशियाच्या बादशहाच्या नावाचा. अधिकारी बसल्या जागी दात कोरत होता. आपले सरदार मात्र सगळे उभे. याच लोकांनी वसंतात चर्चमधल्या ख्रिस्ताच्या चित्रावर हात ठेवून राजासाठी मरायची शपथ घेतली होती. आता कोणाच्या अंगरख्याला किती सोनेरी बटणं मिळणार, यावर त्यांची भांडणं चालतात.

सासूबाई म्हणाल्या, "राजे येतात, जातात. द्राक्षं दरवर्षी येतात."

"आणि दरवर्षी तुडवलीही जातात," मी म्हटलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत, तेवढंच सुख.

राजेसाहेबही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. वर्षानुवर्षं सुलतान आणि बादशहा अशा दोन डगरींवर पाय ठेवून उभे राहिले, आणि शेवटी दोन्ही डगरी ढासळल्या. मला त्यांचाही राग येतो. पण राग वेगळा आणि किळस वेगळी. त्यांनी दिलेल्या जमिनीत पुरलेल्या रांजणातली वाइन त्यांच्या वैऱ्याला पाजताना ज्यांचा हात कापत नाही, त्यांची मला किळस येते. त्यातल्या एकाशेजारी मी रोज झोपते.

मला मुलगा झाला, ओतिया. नाक तुझं घेतलंय. बेझानला अचानक तुझं प्रेम आलं आहे. बाप्तिस्म्यात बाळाला हातात धरणारा धर्मपिता तूच, म्हणून गावभर सांगत फिरतोय. मला वाटलं, बाप झाल्यावर माणूस सुधारला. कसली सुधारणा! परवा दाराआडून मी ऐकलं. तो अधिकाऱ्याला सांगत होता, "मेहुणा येईल. धर्मपिता व्हायचं बोलावणं आमच्यात कोणी नाकारत नाही, वैऱ्याच्या घरचं असलं तरी." अधिकारी हसला, आणि बेझानने पाळण्यातलं बाळ उचलून त्याला दाखवलं, बाजारात कोकरू दाखवतात तसं.

म्हणून हे पत्र. बोलावणं घेऊन माणूस निघाला आहे. तू येऊ नकोस, आणि न आल्याचं पाप मनाला लावून घेऊ नकोस, कारण बाळाचा बाप्तिस्मा झालेला आहे. काल बेझान शिकारीला गेला तेव्हा मी बाळाला वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे नेलं. तुझ्या जागी त्यांच्या भावाने बाळ हातात धरलं, पण धर्मपिता म्हणून नाव तुझंच घेतलं गेलं. एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा होत नाही. शिवाय आपल्या मुलाच्या धर्मपित्याला धरून देणाऱ्याच्या हातचं पाणी आपल्यात कोणी पीत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. आज संध्याकाळी सगळ्यांसमोर मी हे त्याला सांगणार आहे. मग तो माझं काय करेल, माहीत नाही. पण बाळाचं नाव मी राजाचं ठेवलं आहे, आणि ते बेझानला आता जन्मभर रोज हाक मारताना तोंडी घ्यावं लागेल.

तुझीच, अजून न विकली गेलेली थोरली बहीण,
मरेख