कोऱ्या पातळाची गोधडी

आई, तू ते पातळ कापलंस ती दुपार मला अजून स्वच्छ दिसते. दिघ्याची आपली खोली, वरचा पत्रा तापलेला, तू फरशीवर मांडी घालून बसलेली आणि सातवीतली मी कापडाचं टोक धरून. गोधडी जुनेराची करायची, नेसून नेसून विरलेल्या लुगड्यांचे थर अंथरून कडेने धावदोरा घालत आत यायचं, एवढंच तू साताऱ्याहून आणलं होतंस. पण ऐरोलीच्या शिवणक्लासात बाईंनी नवी तऱ्हा दाखवली: छापील कापडाचे त्रिकोण कापायचे आणि फुलाला फूल मिळवत जोडायचे. त्याचं तुला वेडच लागलं. आणि त्यासाठी तू पेटीतून काढलंस ते लाल फुलांचं पातळ, अण्णांनी तुझा दात पाडल्यावर दिवाळीला आणून दिलेलं. त्याची घडीसुद्धा तू मोडली नव्हतीस.

कात्री चालवताना तू गालातल्या गालात हसत होतीस. पहिली जोडणी चुकलीच. गोधडीच्या सवयीने तू दोन्ही तुकडे फुलं वर करून एकावर एक ठेवलेस, शिवलेस, आणि उघडून बघतेस तर एकाची फुलं आणि दुसऱ्याची नुसती पाठ. "सुलट्यावर सुलटं ठेवायचं व्हय! माझंबी डोकं म्हंजे," म्हणत उसवायला बसलीस. तेवढ्यात अण्णा पहिली पाळी संपवून आले.

नवऱ्याने आणलेलं कोरं पातळ, तो जिवंत असताना, कात्रीने कापायचं हे आपल्याकडे कुठली बाई करत नाही. तुला ते पक्कं ठाऊक होतं.

"म्या आणल्यालं पातळ फाडलंस? मी जिता हाय न्हवं अजून?"

"फाडलं न्हाई. कापलंय."

त्यांनी तुझा अंबाडा धरून डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. मी मध्ये पडले तर पोटात लाथ बसली. तिसऱ्यांदा त्यांनी तुला ओढलं तेव्हा तू कात्री त्यांच्या मांडीत खुपसलीस आणि उपसून काढलीस. अण्णा मटकन खाली बसले, विव्हळायला लागले. तू त्यांच्यावर वाकून उभी, कपाळाचं रक्त डोळ्यात उतरतंय, कात्री त्यांच्या गळ्याशी. "परत हात लावशील तर नरड्यात घालीन," म्हणालीस. त्यांना अरेतुरे करताना मी तुला तेव्हाच ऐकलं.

मग तू कात्री खाली ठेवलीस, उरलेल्या पातळाने त्यांची मांडी करकचून बांधलीस आणि शेजारच्या काकूंना रिक्षा आणायला पिटाळलंस. दवाखान्यात अण्णांनीच सांगितलं, कंपनीत पत्रा लागला. पुढे त्यांनी तुझ्यावर कधी हात उगारला नाही.

तू वेळीच स्वतःला आवरलंस म्हणून आपलं घर वाचलं, असं मी सगळ्यांना सांगते. लोक माना डोलावतात. खरं तेवढं तुला लिहिते आहे, कारण हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही. तू कात्री खाली ठेवलीस तेव्हा माझा हिरमोड झाला होता.