म्युगेची दुडकी

आर्जांताँ, २३ फेब्रुवारी १९८९

प्रिय आन्सेल्म,

नाताळचं तुझं कार्ड मिळालं. सहीखेरीज एक अक्षर नाही, पण तिकीट सुरेख होतं. क्वेबेकात लेखणीसुद्धा गोठते वाटतं!

इकडे सगळं ठीक. थंडी हटायचं नाव घेत नाही. सफरचंदांच्या बागेचं कुंपण मी एकटीच नीट करते आहे. बाबांचा डावा हात अजून उचलला जात नाही, उजव्याने मात्र लोण्याचं भांडं बरोबर स्वतःकडे ओढतात.

म्युगेची शेवटची दुडकीची शर्यत डिसेंबरात व्हँसेनला झाली. दहा वर्षांचा झाला, नियमाप्रमाणे जानेवारीपासून मैदान बंद. पाय हलके व्हावेत म्हणून चारही नाल काढून मैदानात उतरवला होता. शेवटच्या वळणावर मागे होता, मग जो सुटला तो थेट दुसरा. पहिला आला असता तर बरं वाटलं असतं, पण लोक उभे राहिले ते त्याच्यासाठीच. मी त्याच्या मागच्या छोट्या गाडीवर बसून ढसाढसा रडले. तोंडभर काळा चिखल, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

साऱ्या कारकिर्दीत त्याने एकदाही दुडकी मोडली नाही रे. भलेभले घोडे शेवटच्या क्षणी चौखूर उधळतात आणि बाद होतात. हा नाही. कुरणात मोकळा सोडला तरी दुडक्याच चालीने फिरायचा. कॅफेतले चिडवायचे, "सोलांज, तुझा घोडा स्वप्नातसुद्धा पंचांना घाबरतो!"

आता जे सांगते त्याचा राग मानू नकोस. झटका आल्यापासून बाबांच्या डोक्यात म्युगेला हाकणारा तू आहेस. सगळ्या शर्यतींत, पहिल्यापासून. परवा सूप पिता पिता म्हणाले, "व्हँसेनला आन्सेल्मने काय हाकला गं! तू कुठं होतीस तेव्हा?"

"तिथंच होते, बाबा."

"मग बघितलंस ना? शिक जरा त्याच्याकडून."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी पातेलं आपटून तबेल्यात निघून गेले होते. गळ्याचं हाड मोडून घेतलं मी, पावसापाण्यात हाडं गोठवली मी, आणि कौतुक तुझं! फार जिव्हारी लागलं. मग हळूहळू उमगलं. म्युगेच्या पहिल्या शर्यतीच्या त्या दिवशी इथल्या मैदानावर भर गर्दीत त्यांनी तुला म्हटलं, "उतर खाली. पोरी, तू बस." तू चाबूक सीटवर ठेवलास आणि चालता झालास. तुझी माफी मागणं त्यांना जन्मात जमलं नसतं, तुला माहीतच आहे. आता त्यांच्या मनात तो दिवस उगवलाच नाही. लगाम त्यांनी तुझ्याकडेच राहू दिले आहेत.

कुंपणाचं मघाशी म्हटलं ना, ते आपणहून मोडलेलं नाही.

मंगळवारी मी दोन नवी शिंगरं ट्रकमध्ये चढवली. म्युगे सफरचंदांच्या बागेतल्या कुरणात होता. इंजिनचा आवाज त्याला पाठ होता. ट्रक निघाला तसा तो कुंपणाच्या कडेने सोबत यायला लागला, नेहमीच्या दुडक्या चालीने, मान ताठ. आपल्याला न्यायचं विसरलेत असंच त्याला वाटलं असणार. मी थांबले नाही. उशीर झाला होता. फाट्याशी मी वेग वाढवला आणि आरशात पाहिलं, तर त्याची दुडकी मोडली. चौखूर सुटला! एवढा सुंदर धावतो हे मला ठाऊकच नव्हतं. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "बाद!" मी चक्क हसले.

जमीन दगडासारखी गोठलेली होती. कोपऱ्यावर तो घसरला, कुंपण घेऊनच पडला. पुढचा पाय गुडघ्याखाली लोंबत होता. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसले. शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हाही त्याचे कान रस्त्याकडेच होते.

तू त्याला स्वतःच्या हातांनी आईच्या पोटातून ओढून काढलं होतंस. त्यामुळे तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

घरात आले तर बाबा खिडकीशी. "म्युगे दिसत नाही तो?"

मला सांगवेना. म्हटलं, "आन्सेल्म घेऊन गेलाय, बाबा. पॅरिसला, शर्यतीला."

तेव्हापासून बाबा चांगला कोट चढवून फोनपाशी बसतात. "जिंकला की पोरगा फोन करील," म्हणतात. शर्यत अजून व्हायची आहे, असं सांगून मी दिवस ढकलते आहे. तुझ्या हाती हे पत्र पडायला वेळ लागेल, म्हणून मार्चच्या दुसऱ्या रविवारी, जेवणं झाली की, मी तुझा नंबर फिरवीन. ठेवून देऊ नकोस. इतकी वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नाहीत, मला मेलीला दोघांच्या मध्ये निरोप्या करून ठेवलंत. आता एकदाच बोल. ते बरे होणार नाहीत, आन्सेल्म.

जिंकला म्हण. मीच हाकला म्हण. कितवा आला यापेक्षा ते दुसरंच काही आधी विचारतील, कायम तेच विचारायचे. तेव्हा आवाज कापू देऊ नकोस. म्हण, नाही बाबा, एकदाही चौखूर उधळला नाही.

तुझी,
म्युगेला कधीच न हाकलेली बहीण,
सोलांज