फेसावरचं बेलपान

अंजू,

मी बहिणीकडं उदगीरला निघाले. तू झोपली होतीस म्हणून उठवलं न्हाई. नाश्त्याला चुरमुऱ्याचा सुशीला कढईत झाकून हाय, वरून शेंगदाणे घाल.

परवा फोनवर तू तुझ्या आईला सांगत होतीस, लातुरात बसून कॉफी प्यायला एक जागा न्हाई. मला लई राग आला. मग देवळाला जाते म्हणून मी अन् शेजारची वर्षाराणी गावाबाहेरची सगळी हॉटेलं धुंडाळून आलो. बार्शी रोडला इडली खा, पण कॉफी म्हणजे नुसतं गोड पाणी. औसा रोडला मिरचीची भजी झकास, चहाच्या नादी लागू नको.

रिंग रोडला मात्र एक काचेचं दुकान हाय. तिथल्या पोरीनं कॉफी आणली, तर वर फेसात बेलाचं पान काढलेलं. आता महादेवाच्या पानाला तोंड कसं लावायचं? मी हात जोडले अन् कॉफी तशीच गार होऊ दिली. वर्षाराणी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. वास लई चांगला होता गं.

पलंगाखाली तुझी भरलेली बॅग दिसली. माहेरी जायचं तर खुशाल जा, माझा अमरेश सोडून येईल. पण सोमवारपर्यंत थांब. परत आले की स्टँडवरून मी सरळ त्या काचेच्या दुकानातच येते, खिडकीजवळचं टेबल धरून ठेव.

आधी तू चमचा घालून ते पान मोड. मग मी पिते.

तुझी सासू