डाव्या हाताची पानं

४ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र, म्हणजे वहिनीच्या अक्षरातलं तुझं पत्र, मिळालं. लहानपणी तुझ्या वह्या मी लिहायचे, आता पत्रं वहिनी लिहिते. शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्याचे हात कायम तेलकट असतात, हे कारण मी वीस वर्षं ऐकतेय. आळशी तो आळशीच. फोनवरही नुसता हुंकार भरतोस, म्हणून मला हे एवढं लिहावं लागतं.

भिंगरीचं विचारलंस. काय सांगू, डोकं उठलंय. दर मंगळवारी औषधांच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढायची, मालकांचं वाकडं तोंड बघायचं आणि थेरपिस्टबाईंच्या बाहेरच्या खोलीत गुडघे हनुवटीला लावून बसायचं, कारण तिथल्या सगळ्या खुर्च्या पोरांच्या मापाच्या आहेत. बाई म्हणतात, मुलगी मठ्ठ नाही. तिचं लक्ष टिकत नाही आणि अक्षरं तिला आपल्यासारखी पटकन ओळखू येत नाहीत. सराव लागेल, वेळ लागेल. किती वेळ, ते मात्र सांगत नाहीत.

घरी रोज बारा मिनिटं. एक पान, चार ओळी, शेजारी वाळूचं घड्याळ. मी जवळ बसायचं, पण हात लावायचा नाही. त्या बारा मिनिटांत ती दोनदा पाणी पिते, पेन्सिलीला टोक काढते, ते मोडते आणि पंख्याला किती स्क्रू आहेत ते मला सांगते. मी दुकानात झाडून सगळ्या डॉक्टरांची अक्षरं लावते, पण पोटच्या पोरीचं लावता येत नाही. हे बंदरावर क्रेन चालवतात. साठ फुटांवरून सगळंच लहान दिसतं, त्यामुळे मोठी झाली की सुधारेल म्हणून मोकळे होतात.

महिनाअखेरीला बाईंचा अहवाल शाळेत जाणार. त्यावरून मुख्याध्यापिका ठरवणार, की सध्यासारखाच परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला माणूस आणि अर्धा तास जास्त देऊन तिला तिसरीत ठेवायचं, की दुसरीत परत पाठवायचं. दुसरीतल्या पोरांपेक्षा ती वीतभर उंच आहे रे. माझ्या जिवाला घोर लागलाय.

लोभ आहेच. तो वाढतोय की नाही ते वेळेवर उत्तर देऊन दाखव.

तुझी धाकटी


११ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मी सांगतोय आणि तुझी वहिनी लिहितेय, तेव्हा चुका तिच्या. (चुका ह्यांच्याच. – वहिनी) पोरीवर आवाज चढवू नकोस. अडकलेल्या मशिनीचं चाक जोर लावून फिरवलं तर सुई मोडते, दोरा काही सुटत नाही. पान भरलं नाही तर अर्धंच घेऊन जा बाईंकडे. मशीन बिघडली म्हणून लोक माझ्याकडे येतात. ती चालतेय असं दाखवायला कोण येतं?

(उपदेश करायला ह्यांना काही लागत नाही. पण एक सांगते. तुझं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा त्या बारा मिनिटांचं ह्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि चहा न घेताच दुकानात गेले. – वहिनी)

आमची माया आहे तशीच दाट आहे, तुझी पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा


२९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने हे एकदा वाचून दाखवावं आणि फाडून टाकावं. मी शेण खाल्लंय.

एका संध्याकाळी भिंगरीने वाळूचं घड्याळ सारखं उलटंपालटं करून बारा मिनिटांची दोन केली. आधीची नऊ पानं अर्धवट, दोन फाटलेली, अहवाल तोंडावर आलेला. ती झोपायला गेल्यावर मी पेन्सिल डाव्या हातात धरली आणि पान भरून टाकलं. वाटलं, एकच. मग दुसरं. एकूण सोळा. अक्षर हळूहळू सुधारत नेलं, एकदम सुधारलं तर बाईंना संशय येईल म्हणून. चोरीतसुद्धा माझी टापटीप बघ.

बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी पानापानावर चांदणी चिकटवली. अहवालात लिहिलं, घरचा सराव उत्तम, प्रगती ठळक, वाचून दाखवण्याची गरज आता उरलेली नाही. मुख्याध्यापिकांनी माझं अभिनंदन केलं आणि वाचणारा माणूस आणि अर्धा तास, दोन्ही काढून घेतलं. आता ती सगळ्यांसारखी परीक्षेला बसणार, आणि आपटली की दुसरीत. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

पण मी लिहायला बसलेय ते यासाठी नाही. चांदण्या चिकटवत होत्या तेव्हा भिंगरी शेजारीच उभी होती. घरी आल्यावर मी नवं पान काढलं, घड्याळ उलटं केलं, तर तिने पेन्सिल माझ्या हातात दिली. डाव्या हातात. म्हणाली, तूच लिही आई, बाईंना तुझंच आवडतं.

खरं सांगितलं तर बाई आम्हाला दारात उभं करणार नाहीत. नाही सांगितलं तर पोरीचं वाटोळं. ह्यांना अजून काही माहीत नाही. काय करू? सुई-दोरा नको आता, सरळ उत्तर दे.

लोभ शिल्लक असेल तर असू दे.

तुझी धाकटी


६ ऑक्टोबर

धाकटे,

हे मी लिहितो आहे. वहिनी दोन दिवस माहेरी गेली आहे. तुझं पत्र तिने जाण्याआधी वाचून दाखवलं.

तेलाचं खरं नव्हतं. मला लिहिता येत नाही. वाचता पण नीट येत नाही. अक्षरं हलतात. वहिनीला लग्नानंतर कळलं. तिने कुणाला सांगितलं नाही.

तू जिन्याखाली बसून माझ्या वह्या लिहायचीस. बाबा खूश व्हायचे. शाबासकी मला मिळायची. मला पण ते बरं वाटायचं.

सातवीच्या परीक्षेत तू शेजारी नव्हतीस.

मी कोरा कागद देऊन आलो. परत शाळेत गेलो नाही. का, असं तू विचारलंस. मी म्हणालो कंटाळा आला.

तुझी चूक नव्हती. तू लहान होतीस. आता तू लहान नाहीस.

बाईंना सांग.

एवढं लिहायला दोन्ही दिवस लागले.

दादा


१९ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. आजचा नमस्कार खरोखरीच साष्टांग आहे.

तीस वर्षं तुला आळशी म्हणत आले. माझी जीभ झडली कशी नाही? मला माफ कर. माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी आपली स्वतःच्या अक्षरावर खूश.

बाईंना सांगितलं. सोळाच्या सोळा पानं टेबलावर ठेवून माझी माझी म्हणत गेले. त्या चिडल्या, आणि चिडायलाच हव्या होत्या. पोरीचा महिना फुकट गेला. दाराबाहेर मात्र काढलं नाही. म्हणाल्या, आईबापांनी भरलेली पानं वर्षातून दोन-चारदा येतात, पण इतक्या बेताबेताने सुधारणारी पहिल्यांदाच पाहिली. अहवाल नव्याने लिहिला. मुख्याध्यापिकांनी मला आणि ह्यांना समोर बसवून चांगलं फैलावर घेतलं. हे क्रेनवरून उतरून आले होते. सगळं ऐकून घेतलं, आणि आता मंगळवारी आलटून पालटून मी जाईन म्हणतात. वाचणारा माणूस आणि अर्धा तास परत मिळालाय, वर्षअखेरपर्यंत. तिसरीत आहे आपली भिंगरी. पुढचं पुढे.

माझं डोकं अजून उठलेलंच आहे, ते गेलं असं समजू नकोस. कालच्या बारा मिनिटांत दीड ओळ झाली आणि कागदाला भोक पडलं. तो तसाच घेऊन जाणार आहे.

तिचीही माफी मागितली. तिने एवढंच विचारलं, की चांदण्या परत द्याव्या लागतील का.

तुझं पत्र टेबलावर राहिलं होतं. मोठी अक्षरं, शब्द दूर दूर. मी कपडे वाळत घालून आले तर ती बोट ठेवून मोठ्याने वाचत होती. अडखळत, मागे जात, पण स्वतः. लपवायला हवं होतं की काय कुणास ठाऊक, माझ्याच्याने तिला थांबवलं गेलं नाही. मी खाली फरशीवर बसून ऐकलं. शेवटी तिने विचारलं, मामाची पण अक्षरं हलतात का. मी हो म्हटलं. मग ती पेन्सिलीला टोक काढायला गेली.

आज चार दिवस ती तुला उत्तर लिहितेय. दोन ओळी झाल्यात. मी हात लावलेला नाही. ते यायला वेळ लागेल, तोवर आमच्यावरची माया टिकवून धर. आणि आलं की वहिनीकडून वाचून घेऊ नकोस.

तुझी धाकटी